आजी कशानं गेली?

आईला ‘पिस्कॅटवे’ हे नाव कधीच जमलं नाही. पहिल्याच खेपेला तिनं त्याचं ‘विस्कटवे’ केलं आणि तेव्हापासून आमच्या घरात गावाचं तेच नाव आहे. ‘विस्कटव्याला बर्फ पडला का?’, ‘विस्कटव्यात कोथिंबीर काय भाव?’ न्यू जर्सीतलं रॅरिटन नदीकाठचं हे गाव तसं अजिबात विस्कटलेलं नाही. रटगर्स विद्यापीठाचे दोन मोठे कॅम्पस, कापलेली हिरवळ, आणि गाडीनं जरा पुढे गेलं की एडिसनचा ओक ट्री रोड, जिथे भाकरीच्या पिठापासून देवाच्या समईपर्यंत सगळं मिळतं. बायॉप्सीचा निकाल आला त्या दिवशी मी आईला फोन केला. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे, एवढंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “तरी मी म्हणत होते, असल्या नावाच्या गावात घर घेऊ नका.”

दोघी हसलो. रडायचं राहून गेलं, ते नंतर सवडीनं झालं.

मागच्या प्रकरणात पेशींची वाढ हाताबाहेर कशी जाते ते पाहिलं. या प्रकरणाला मला शरीरापेक्षा माजघरातून सुरुवात करावी लागणार आहे, कारण माझ्या आजाराची सगळ्यात अवघड तपासणी तिथेच झाली. सुया, सीटी स्कॅन, दोन पाट्यांमध्ये स्तन पापडाच्या लाटीसारखा दाबणारं मॅमोग्रामचं यंत्र, हे सगळं मुकाट्यानं पार पडलं. घोडं अडलं ते एका कागदावर.

तो कागद जेनेटिक काउन्सेलरच्या हातात होता. पंचविशीतली मुलगी, टोकदार पेन्सिल. तिनं मधोमध एक गोल काढला, तो काळा केला आणि त्याला बाण दाखवला. ती मी. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेला असेल तर आकृती भरलेली. तीन पिढ्या हव्यात, दोन्हीकडच्या. कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. मी म्हटलं, आईची आई लवकर गेली. “कशानं?” तिनं विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी सत्तेचाळीस वर्षांची, दोन पदव्या असलेली बाई, आणि माझी आजी कशानं गेली हे मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी सकाळी पुण्याला फोन लावला.

“आजी कशानं गेली गं?”

“आजारानं.”

“कुठल्या?”

“तेव्हा कुठे कळायचं कुणाला? वेळ आली, गेली.”

“वय काय होतं?”

“बेचाळीस.”

पलीकडून मावशीचा आवाज आला, “अगं सांग की तिला. टाटाला नेलं होतं.” आणि मग आवाज खाली आणून, घरात दोघींखेरीज कुणी नसताना, “तिला ते झालं होतं. छातीला.”

मराठी घरात ‘टाटाला नेलं’ हे अख्खं निदान असतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून तीन-चार पिढ्या रोगाचं नाव न घेता रुग्णालयाचं नाव घेत आल्या. आजीचं नेमकं काय झालं ते मावशीनं हळूहळू सांगितलं. गाठ कळली तेव्हा ती लिंबाएवढी झालेली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढलं. परत आल्यावर ती पदर दोन वेढे घ्यायची. आणि कुणी सांगायचं नाही, कारण घरात लग्नाच्या तीन मुली होत्या. ‘त्यांच्याकडे ते आहे’ एवढं कुजबुजलं गेलं असतं तरी तिन्ही पत्रिका परत आल्या असत्या. म्हणजे ज्या तिघींना ही माहिती सगळ्यात जास्त उपयोगी होती, त्यांच्यासाठीच ती लपवली गेली. मी आईला दोष देत नाही. १९९१ साली अभिनेत्री नूतन स्तनाच्या कॅन्सरनं गेली, चौपन्नाव्या वर्षी, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या घरात त्याचा उल्लेख ‘दुखणं’ असाच झाला.

गंमत म्हणजे आपण पूर्वज विसरणारी माणसं नव्हेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन घराण्याची नावं वाचून दाखवतात. आणि आमच्यासारख्यांचे कुलवृत्तांत असतात, जाडजूड, कापडी बांधणीचे, ज्यात कोण कुठे मामलेदार होतं आणि कुणी कुठे विहीर बांधली हे सगळं मिळतं. मुलीची नोंद मात्र एका ओळीची: माहेरचं नाव, कंसात सासरचं, पुढे कुणाला दिली ते गाव. मग ती पुस्तकातून बाहेर. ती कशानं गेली याचा रकानाच नाही. आनुवंशिकतेच्या दृष्टीनं पाहिलं तर आपण पाचशे पानं छापली आणि हवी ती शाई वाचवली.

असा रकाना कुणीतरी पहिल्यांदा आखला तो १८६६ साली, पॅरिसमध्ये. पॉल ब्रोका हे नाव मेंदूतल्या बोलण्याच्या केंद्रामुळे लोकांना माहीत आहे. या शल्यविशारदानं आपल्या बायकोच्या माहेरची वंशावळ मांडली. चार पिढ्यांतल्या चोवीस बायकांपैकी दहा स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. जावयानं सासुरवाडीची अशी चौकशी केलेली आपल्याकडे खपली असती का, हा भाग वेगळा. पण हा योगायोग नाही, हे त्याला दिसलं.

योगायोग नाही हे सिद्ध व्हायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात हे काम हाती घेतलं, तेव्हा कॅन्सर एखाद्या जनुकामुळे कुटुंबात उतरतो हे म्हणणं बहुतेकांना भाबडं वाटे. विषाणू शोधा, म्हणत. तिनं तेवीस कुटुंबं घेतली, ज्यांत मिळून १४६ जणांना हा आजार होता, आणि १९९०मध्ये दाखवून दिलं की लहान वयात आजार झालेल्या कुटुंबांत दोष सतराव्या गुणसूत्राच्या एका ठरावीक पट्ट्यात आहे. १९९४ साली ते जनुक हाती लागलं: बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२. मग एका कंपनीनं पेटंटं घेतली, चाचणी हजारो डॉलरची झाली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १३ जून २०१३ रोजी निकाल दिला की निसर्गानं घडवलेल्या जनुकावर कुणाची मालकी असू शकत नाही. तेव्हापासून चाचणी स्वस्त होत गेली. माझी झाली ती नुसत्या थुंकीवर.

ही जनुकं कॅन्सरची आहेत असं सर्रास म्हणतात, ते उलटं आहे. ती रफूगार आहेत. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो. धागा दोन्ही बाजूंनी तुटला तर शेजारच्या शाबूत प्रतीवरून बघून तंतोतंत रफू करायचं काम ही मंडळी करतात. प्रत्येकाच्या पेशीत अशा रफूगाराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत जन्मतःच बाद असली तरी दुसरी काम चालवते, म्हणून तिशी-चाळिशीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मग एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडते. त्यानंतर तुटलेले धागे कसेबसे गाठ मारून जोडले जातात, चुका साठत जातात. पण याच दुबळेपणाचा फायदा घेणारी औषधंही निघाली. ओलापॅरिबसारख्या गोळ्या पेशीचा दुसरा, साधी शिलाई करणारा कारागीर बंद पाडतात. निरोगी पेशीकडे रफूगार असतो, ती तगते; कॅन्सरच्या पेशीकडे आता कुणीच उरत नाही.

आकडे सांगायलाच हवेत, कारण या विषयात घबराटही फार आणि बेफिकिरीही फार. अमेरिकेत आठातल्या एका बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. बीआरसीए-१ सदोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत ७२ टक्के, बीआरसीए-२ असेल तर ६९ टक्के. अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. ही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतली संख्या आहे. पण स्तनाच्या सगळ्या कॅन्सरपैकी असे आनुवंशिक फार तर पाच ते दहा टक्के. ज्यांना हा आजार होतो त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. तेव्हा ‘आमच्याकडे कुणाला नाही’ हे तपासणी टाळायचं कारण होत नाही. टाटा मेमोरियलनं १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. मशीन नाही, नुसत्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हातांनी दर दोन वर्षांनी तपासणी. २०२१ साली निष्कर्ष आला: सगळ्या वयांचा हिशेब केला तर मृत्यूतली घट ठाम म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या बायकांत ती तीस टक्क्यांच्या आसपास होती. माझ्या कोल्हापूरच्या मावसबहिणींना मी हेच कळवलं, मशीन नसलं तर निदान हात दाखवून घ्या.

आणि मग बाबांची बाजू.

काउन्सेलरनं विचारलं, वडिलांकडच्या बायका? मी म्हटलं, तिकडे काही नाही. हे उत्तर जवळपास सगळेच देतात, कारण स्तनाचा कॅन्सर आईकडून येतो असा समज घट्ट आहे. जनुकाला माहेर-सासर कळत नाही; सदोष प्रत बापाकडूनही तेवढीच, म्हणजे निम्म्या शक्यतेनं येते. फक्त पुरुषाच्या अंगात ती बहुधा गप्प बसते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभरात पुरुष जेमतेम एक. बाबांना चार भाऊ, बहीण एकच. “ती?” “आत्या पोटात पाणी होऊन गेली. लिव्हरचं काहीतरी.” “वय?” “एक्कावन्न.” पेन्सिल थांबली. दारू वगैरे? आत्या चहासुद्धा घेत नसे. पोटात पाणी हे अंडाशयाच्या कॅन्सरचंही लक्षण असतं, तिनं शांतपणे सांगितलं.

निकाल आला, बीआरसीए-२. मग कुठून आलं ते पाहायला पुण्यात आईबाबांचीही चाचणी झाली. तोवरचे सहा आठवडे आई दर फोनवर माफी मागत होती: माझ्या आईकडून आलं, माझ्यामुळे झालं. तिची चाचणी निर्दोष निघाली. बाबांची सदोष. बेचाळीसाव्या वर्षी गेलेल्या आजीचा या दोषाशी संबंधच नव्हता. फोनवर आईचा आवाज मला कॉलेजच्या दिवसांनंतर प्रथमच इतका खणखणीत ऐकू आला. “बघ! पन्नास वर्षं सांगतेय, जे काय वाकडं आहे ते यांच्याकडचंच.” मागून बाबा म्हणाले, “चला, घराण्याचा काहीतरी वारसा पोरीला मिळाला. वाड्यातला हिस्सा तर पुतण्यांनी खाल्ला.”

त्या रात्री ते उशिरापर्यंत बाल्कनीत एकटे बसले होते, हे आईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

हसण्यानं गाठ विरघळत नाही. हे मी ठासून लिहिते, कारण आजारपणात माझ्या फोनवर हळद, गव्हांकुरांचा रस आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हे तिन्ही सारख्याच मात्रेत आलं. बार्बरा एरनराइक या लेखिकेला २००० साली स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा गुलाबी रिबिनी, गुलाबी टेडी आणि सक्तीची प्रसन्नता पाहून ती इतकी भडकली की तिनं त्यावर आधी लेख आणि मग पुस्तक लिहिलं. मी तिच्या बाजूची आहे. विनोद करायचा हक्क पलंगावरच्या माणसाचा. खुर्चीवरच्यानं आधी अंदाज घ्यावा. माझं टक्कल पाहून एका ओळखीच्या गृहस्थांनी ‘शांपूचा खर्च वाचला’ असं म्हटलं, ते मला अजून आवडलेलं नाही. आई व्हिडिओवर म्हणाली, “जावळ काढलं तेव्हा अश्शीच दिसत होतीस, फक्त दात नव्हते.” ते आवडलं.

पण विनोदाचा एक व्यवहारी उपयोग आहे, तो मला अमेरिकेतल्या दोन बायकांमुळे कळला. वांडा साइक्स ही रंगमंचावर एकटीनं हसवणारी कलावंत. २०११ साली तिनं टीव्हीवर सांगितलं की स्तन लहान करून घ्यायच्या शस्त्रक्रियेत अगदी सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर सापडला आणि आईकडच्या बायकांमध्ये हा आजार असल्यानं तिनं दोन्ही स्तन काढून टाकले. सांगावं की नाही असा तिला प्रश्न पडला होता. आधीच काळी, त्यात समलिंगी, आता हेही. प्रत्येक चळवळीच्या पोस्टरवर मीच कशाला, अशा अर्थाचं ती बोलली आणि सगळे हसले. त्या हशात ‘आईकडच्या बायका’ हे शब्द लाखो घरांत पोचले. दुसरी गिल्डा रॅडनर. अमेरिकेला हसवून लोळवणारी ही नटी १९८९ साली अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. वय बेचाळीस, माझ्या आजीचंच. दहा महिने डॉक्टर वेगवेगळी निदानं करत राहिले. तिच्या नवऱ्यानं, नट जीन वाइल्डरनं, १९९१मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना सांगितलं की तिच्या आजीला, आत्या-मावशीपैकी एकीला आणि एका चुलत-मावस बहिणीला हाच आजार होता. घरच्या इतिहासाची नीट चौकशी झाली असती तर वेळीच कळलं असतं. तिकडे विचारलं नाही, आमच्याकडे सांगितलं नाही. मराठीत पद्मजा फाटकांनी ‘हसरी किडनी’ लिहून आजारपणाला हसायची वाट करून दिली होती, पण मूत्रपिंड पदराखाली नसतं. ‘ते झालं होतं’ पासून ‘कॅन्सर झाला होता’ पर्यंत यायला मावशीला साठ वर्षं आणि ‘विस्कटवे’वरचे पाच विनोद लागले.

केमोच्या खोलीत मात्र विस्कटव्याचा मला थोडा अभिमान वाटला. माझ्या औषधांतलं एक लालभडक होतं, डॉक्सोरुबिसिन. इथले रुग्ण त्याला लाल सैतान म्हणतात. मला ते कोकम सरबत वाटलं. ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, म्हणून नर्स शेजारी बसून मोठ्या सिरिंजनं हातानं हळूहळू सोडते. सोडत असताना हातात बर्फाच्या तुकड्यांचा पेला देते आणि चघळत राहायला सांगते. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसल्या की औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. एका नळीत लाल पाक, तोंडात बर्फ. मी नवऱ्याला म्हटलं, चौपाटीवरचा गोळा आहे हा, फक्त पाक चुकीच्या बाजूनं घातलाय. त्यानं नर्सला गोळा म्हणजे काय ते समजावून सांगण्यात पंधरा मिनिटं घालवली आणि तेवढ्यात सिरिंज संपली.

ते औषध मातीतून आलेलं आहे. इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडच्या एका जुन्या गढीजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जंतू सापडला, त्याच्यापासून. पहिल्या पावसाला मृद्गंध सुटतो तो याच जातीच्या जंतूंमुळे. या जातीला औषधांची खाण म्हणून जगापुढे आणलं ते रटगर्सच्या सेल्मन वॅक्समन यांनी. १९४०मध्ये त्यांनी मातीतल्या अशाच एका जंतूपासून अ‍ॅक्टिनोमायसिन काढलं, जे पुढे लहान मुलांच्या कॅन्सरवर वापरलं गेलं. १९४३मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, क्षयावरचं पहिलं खरं औषध. श्रेयावरून गुरुशिष्यांत कोर्टकचेरी झाली, ती आपण सोडून देऊ. त्या औषधाच्या स्वामित्वधनातून उभी राहिलेली सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था १९५४पासून पिस्कॅटवेतच आहे. केमोला जाताना आमची गाडी त्याच बाजूनं जायची. शेजारच्या परगण्यात रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी तिथल्या कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या होत्या. चार वर्षांनी क्षयानं गेल्या. औषध निघालं ते त्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर, छप्पन्न वर्षं उशिरा.

माझी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंची, अंडाशयही काढले. हा माझा निर्णय, सगळ्यांचा तोच असेल असं नाही. सदोष बीआरसीए असलेल्या कित्येक जणी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राम करत नजर ठेवून राहतात. बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रोस्टेटची तपासणी करून आले, कारण बीआरसीए-२ पुरुषांना तिथे गाठतं. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक बारीक गोष्ट: २००८च्या कायद्यानुसार अशा चाचणीवरून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारता येत नाही, पण आयुर्विमा त्यात येत नाही. विमा आधी, थुंकी नंतर.

भावानं मात्र चाचणी केली नाही. “मुलीचं जमू दे आधी,” तो म्हणाला. साठ वर्षांपूर्वीचं माजघर ठाण्याच्या सोळाव्या मजल्यावर. मी भांडले, आई भांडली, तो ऐकेना. मुलगी चोवीस वर्षांची. तिनं बापाला न विचारता एका रविवारी पुण्याची शिवनेरी पकडली, आजोबांच्या समोर बसली आणि विचारलं, “तुमची बहीण कशानं गेली?”

बाबांनी कपाटातून कुलवृत्तांत काढला. तिनं त्या पानाचा फोटो मला पाठवला. आत्याच्या एका ओळीपुढे समासात पेन्सिलीनं, बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘अंडाशय (बहुधा), वय ५१.’ आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित: ‘पुतण्यांना कळवणे.’